रांगेत राहिलेला सिनेमा

"दोन्ही कानांत एकच आवाज यायला हवा, ताई. चित्र थोडं बिघडलं तरी चालेल. पण आवाज एकच. तेवढं विसरू नकोस."

अप्पाचं हे वाक्य ताईला पाठ होतं. असं का, ते मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

ही घटना खरी आहे.

रोजचा नेम झाल्याशिवाय मी लिहायला बसत नाही, आणि नेमावरून उठल्या तोंडानं खोटं सांगायची माझी छाती नाही. ज्यांना पटेल त्यांनी वाचावं. ज्यांना पटणार नाही त्यांनीही वाचावं… फक्त दुपारी बाराला, घरात एकटं असताना.

हो, दुपारी. हे सगळं भर दुपारी घडलं. भुतंखेतं रात्रीच येतात हे आपण आपल्या सोयीनं ठरवून टाकलंय.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. पडदे शिवते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या; एकीत शिलाई मशीन आणि कापडाचे तागे, दुसरीत पलंग, कपाट, जुना कॉम्प्युटर. तिचा नवरा लवकर गेला. धाकट्या भावाचं, अप्पाचं, लग्न जमता जमता राहिलं. मग दोघांनी एक चूल केली.

अप्पा बोलायचा नाही. भांडण नव्हतं, स्वभावच तसा. मीठ कमी असेल तर तो मिठाची बरणी नुसती आपल्याकडे ओढायचा. ताई म्हणायची, "आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. एक शिवायचं, ते निदान खडखड तरी करतं. दुसरं माझा भाऊ."

मग अप्पाची मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दुपारी बारा ते चार. खुर्चीत पडून राहायचं. रक्त दंडातून बाहेर, यंत्रात धुऊन परत आत. चार तास नुसतं छताकडे बघायचं म्हणजे शहाण्याला वेड लागेल.

म्हणून त्याच्याकडे एक छोटा प्लेअर होता. तळहाताएवढा. जुना आणि हट्टी. डिस्कवरचा सिनेमा त्याला जसाच्या तसा चालायचा नाही.

आणि घरात डिस्क तर खोक्यांनी. गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा अप्पानं होत्या नव्हत्या तेवढ्या उचलून आणल्या होत्या.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, टकलावरून सारखा रुमाल फिरवणारे. त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"फुकटचं म्हणजे बिघडणारच," ताई म्हणाली.

"ताई, फुकट आहे, उष्टं नाही," ते म्हणाले.

ताई शिकली. डिस्क घालायची. यादीतून प्लेअर निवडायचा. चित्राची रुंदी लिहायची. आवाजाच्या खान्यात 'मोनो' करायचं, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. मग 'रांगेत टाका'. असे तीन-चार सिनेमे एकामागे एक उभे केले की 'सुरू'. पंखा घुरघुरायला लागायचा, टक्के वाढत जायचे, आणि भलामोठा सिनेमा आटत आटत तळहातावर मावायचा. ताई त्याला सिनेमा आटवणं असंच म्हणायची. "आज दोन आटवायला ठेवलेत."

पहिल्या खेपेला तिची रुंदी चुकली. सगळी माणसं बशीसारखी पसरली. संध्याकाळी अप्पा घरी आला तेव्हा तिनं भीत भीत विचारलं, "कसा होता?"

अप्पा चपला काढता काढता म्हणाला, "सगळे खाऊनपिऊन सुखी दिसत होते."

महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य. ताई दोन दिवस हसत होती.

त्यानंतर काही दिवसांनी त्यानं ते आवाजाचं सांगितलं. ताईला वाटलं, ह्याचा एक कान गेला असणार, लाजतोय सांगायला. तिनं विषय काढला नाही. त्या घरात विषय काढायची पद्धतच नव्हती.

एका रविवारी सकाळी अप्पा उठलाच नाही.

माणसं आली, गेली. मीही चार दिवस राहून परतले. त्याची बोच मला आहे.

दीड आठवड्यानं बुधवार आला. बाराला दहा मिनिटं कमी होती. कुणाच्या तरी खिडक्यांची मापं बघायला ताईनं कॉम्प्युटर लावला. ते सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर आपोआप उघडायचं, अप्पासाठी तिनंच तसं करून ठेवलं होतं.

पडद्यावर चौकट आली.

'रांगेत एक काम अपुरं आहे. पुढे चालू करायचं?'

हो. नाही.

शनिवारी लावलेला सिनेमा. अर्ध्यात वीज गेली, तो तसाच राहिला होता.

ताईनं बाण 'नाही'वर नेला. 'नाही' दाबायला तिचं बोट उचलेना.

तिनं 'हो' दाबलं.

पंखा घुरघुरला. सिनेमा आटला. आता द्यायचा कुणाला? तिनं तो प्लेअरमध्ये घातला, अप्पाच्या पलंगावर बसली आणि इअरफोनची दोन्ही बोंडं कानात घातली.

एका बंदरावर बोट येते, असा काहीतरी सिनेमा. लाटा, भोंगा.

डाव्या कानात लाटा.

उजव्या कानातही लाटा… पण त्यांच्या मागे आणखी काहीतरी.

घूंऽऽऽ… मोठ्या फ्रीजसारखं.

मग… टिंग.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पहिल्या दिवशी ती अप्पाबरोबर डायलिसिसला गेली होती तेव्हा ऐकलेला.

मग कुणीतरी खोकलं. आणि अगदी हळू आवाजात…

"बोट लागली. एक बाई उतरतेय. हातात ट्रंक. पायात काही नाही."

अप्पाचा आवाज.

नीट लक्षात घ्या. हा सिनेमा अप्पानं कधी पाहिलेलाच नव्हता. त्या डिस्कचं वेष्टन ताईनं शनिवारी स्वतः फोडलं होतं. आणि सिनेमा आटून पुरा झाला तो अप्पा गेल्यानंतर.

तिनं बोंडं ओढून काढली. घर गप्प. खाली कुणीतरी जिना झाडत होतं, तेवढंच.

एकटं डावं बोंड घातलं. नुसता सिनेमा.

एकटं उजवं घातलं…

"ती इकडेतिकडे बघतेय. घ्यायला कुणी आलेलं नाही."

तुम्ही-आम्ही असतो तर जिना उतरून रस्त्यावर पळालो असतो.

ताई पळाली नाही. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. दोन तास. अप्पा बोलत होता. इतकी वर्षं एका छपराखाली राहून बोलला नसेल तेवढा.

शुक्रवारी तिनं दुसरा सिनेमा आटवला. सोमवारी तिसरा.

प्रत्येकात अप्पा होता. कुणी दार उघडलं, कुणी रुसलं, कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं, सगळं सांगायचा. ताईला भीती वाटेनाशी झाली. तिनं रांगेत आणखी पाच घातले, मग आणखी सात. एक संपला की त्याच्या जागी आणखी एक. खोक्यात डिस्क आहेत तोवर अप्पा घरात आहे, असा तिचा हिशेब. पडदे तसेच पडून राहिले. गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून थांबायचे.

एकच गोष्ट सलायची.

अप्पा कुणाशी तरी बोलत होता. मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखा. आणि मग हसायचा. मोकळं, पोट धरून. घरात तो असं कधी हसला नव्हता.

"मला हेवा वाटला गं," ताईनं मला खाली मान घालून सांगितलं. "गेलेल्या भावाशी बोलणाऱ्याचा हेवा. काय म्हणावं मला?"

तिनं कॉम्प्युटरवाल्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी बोंडं कानात घातली, मान डोलवली.

"झकास आहे की. काय झालं?"

"उजव्या कानात काय येतंय?"

"डाव्यात येतं तेच. ताई, तुम्ही मोनो केलंय ना? मग आवाजाचा पट्टाच एक. एका टाकीला दोन तोट्या लावल्या तर एकीतून पाणी आणि एकीतून दूध येईल का?"

ताईनं बोंडं परत घेतली.

त्यांनी रुमाल टकलावर नेता नेता थांबवला. "जेवता ना वेळेवर?" एवढंच विचारलं आणि गेले.

सहाव्या सिनेमापासून अप्पाचा आवाज बदलला.

वाक्यं तुटायला लागली. मध्ये मध्ये नुसता श्वास. आठव्यात तो दोनदा म्हणाला, "जरा थांबा हं…" आणि बराच वेळ काहीच नाही. फक्त ते घूंऽऽऽ.

नववा सिनेमा एका म्हाताऱ्याचा होता. त्याचा कुत्रा हरवतो आणि तो गावभर शोधत फिरतो.

"म्हातारा पुलापाशी आलाय," अप्पा म्हणाला. "वाकून बघतोय… खाली… खाली काहीतरी…"

श्वास. लांब, ओढलेला.

"राहू दे, आजी. दमलो. रागावू नका. पुढच्या वेळी… नक्की."

आणि उजवा कान रिकामा झाला.

ताईनं तिथंच प्लेअर बंद केला.

आजी? कोण आजी?

पुढच्या खेपेला तिनं दहावा सिनेमा लावला. डाव्या कानात लग्नाची वरात चालली होती, माणसं नाचत होती. उजव्या कानात…

"पुढच्या वेळी नक्की, आजी… पुढच्या वेळी…"

तेवढंच. पुन्हा पुन्हा. दीड तास.

ताईनं बोंडं काढली, साडी बदलली आणि डायलिसिस केंद्राचा रस्ता धरला.

लांब खोली. स्पिरिटचा वास. दोन्ही भिंतींना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत पांघरुणाखाली एक माणूस. कुणी झोपलेलं, कुणी मोबाइलमध्ये. दाराजवळची एक खुर्ची रिकामी होती. अप्पाची.

"ही अजून दिली नाही कुणाला?" ताईनं सिस्टरना विचारलं.

सिस्टरनं तिला ओळखलं. "देतो हो. पण या वेळेला हे यंत्र नीट चालतच नाही. कुणी नसताना टिंग टिंग वाजत बसतं. चार वेळा दुरुस्तीवाले येऊन गेले. म्हणतात, दोष नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचे भाऊ गेले आणि खोलीच ओस पडली बघा. आम्ही त्यांना रेडिओ म्हणायचो."

"कुणाला?"

"त्यांनाच. शेजारच्या आजींना दिसत नाही ना. इअरफोनचं एक बोंड त्यांच्या कानात, एक आजींच्या. आणि चार तास सिनेमा सांगत बसायचे. आजी ओरडायच्या, अरे कपडे कुठल्या रंगाचे ते सांग आधी!"

ताईनं आपल्या दोन्ही कानांना हात लावला.

एक बोंड त्याला. एक आजींना. म्हणून दोन्ही कानांत एकच आवाज.

"ताई आलीय का?"

रिकाम्या खुर्चीशेजारच्या आजींनी हाक मारली होती. बारीक चण, काळा चष्मा, हनुवटी वर. ताई अजून त्यांच्याशी एक शब्दही बोललेली नव्हती.

"इकडे ये. घाबरू नकोस. मी तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. श्वासावरून माणूस ओळखते. तुम्हा दोघांचा श्वास सारखा, नाकात अडकणारा."

ताई जवळ गेली. "आजी, अप्पा…"

"गेला. सिस्टरनं सांगितलं दुसऱ्याच दिवशी. मी आंधळी आहे, खुळी नाही."

"मग…"

"मग काय! नंतरही आला. बसला शेजारी. बंदराचा सिनेमा सांगितला. ती अनवाणी बाई. मीच म्हटलं त्याला, अरे बाबा, तू मेलायस."

अप्पा गेल्यापासून प्लेअर एकदाही घराबाहेर गेला नव्हता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, माहीत आहे, आजी. पण ताईनं रांगेत सिनेमे घातलेत. रांग संपली की जातो."

आजींच्या यंत्रातली तांबडी नळी हळूहळू फिरत होती.

"पण तुझी रांग संपत नाही म्हणे. एक झाला की तू दुसरा घालतेस."

ताईनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मेल्यानंतरही तिचा भाऊ त्याच खुर्चीत बसून होता. आठवड्यातून तीनदा. बारा ते चार. तिनं 'हो' दाबलं म्हणून.

"फार दमतो गं," आजी म्हणाल्या. "त्या दिवशी तर पुलापाशीच थांबला. म्हाताऱ्याला कुत्रा सापडला का?"

"मला… मला माहीत नाही. त्याचा आवाज थांबला आणि मी बंद केला."

"म्हणजे सिनेमा कुणी बघतच नव्हतं!" आजी हसल्या. मग गंभीर झाल्या. "बघ, आणि येऊन सांग मला. अर्ध्यात टाकून तो जायचा नाही, तसला माणूस नाही तो. शेवट कुणीतरी सांगितला तर सुटेल बिचारा."

"आणि मग तुमचे हे चार तास?"

"छत आहे की. पांढरं आहे म्हणतात."

ताईच्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी येते मी. कुत्र्याचं सांगते. आणि पुढचे सिनेमेही घरून बघून येईन, मीच सांगेन. त्याला नका बोलावू आता."

"शब्द देतेस?"

"देते."

आजींनी तिचा हात चाचपून धरला. "पण जमेल का तुला बोलायला? तो म्हणायचा, आमची ताई फार अबोल आहे. घरी गेलं की तोंड उघडायची भीती वाटते."

ताई रडली ती तिथं. अप्पा गेला तेव्हाही रडली नव्हती अशी.

घरी आल्यावर तिनं रांग उघडली. अकरा सिनेमे उभे होते. एकेक काढायला लागली. दर वेळी चौकट विचारायची, 'नक्की काढायचा?' अकरा वेळा तिनं 'हो' दाबलं. शेवटच्या वेळी तिनं डोळे मिटून घेतले होते.

'रांग रिकामी आहे.'

आणि पंखा थांबला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सिनेमा आटत असला तरच तो पंखा असा घुरघुरतो. घरी आल्यापासून तिनं 'सुरू' दाबलंच नव्हतं…

हे सगळं ताईनं मला त्या शुक्रवारी सकाळी सांगितलं. मी तिची चौकशी करायला म्हणून गेले होते. तिनं त्या म्हाताऱ्याचा सिनेमा आदल्या दिवशी डिस्कवरून, मोठ्या पडद्यावर, शेवटपर्यंत पाहिला होता. मग खिडकीशी उभी राहून मोठ्यांदा सांगून पाहिला. पाच-सहा वेळा. "जीभ अडखळते गं," म्हणाली. "सवय नाही ना."

मी विचारलं, "मग? सापडला का कुत्रा?"

"आधी आजींना सांगते," ती म्हणाली.

ती केस विंचरत होती तेवढ्यात मी तिची पिशवी भरून दिली. पाण्याची बाटली. रुमाल. प्लेअर, आजींना हातात धरायला बरं वाटेल म्हणून तिनं तो घेतला होता. इअरफोन मेजावर पडला होता. बुधवारपासून तिनं त्याला हात लावला नव्हता, हे तिनंच मला सांगितलं होतं.

मी तो गुंडाळायला उचलला.

एक बोंड गार होतं.

दुसरं… कोमट. आत्ताच कुणाच्या तरी कानातून काढल्यासारखं.

मी ताईला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. तो तेव्हा निघून चालला होता, की बसून राहिला होता, ते मला कळलेलं नाही. रोज हात जोडते तेव्हा त्याचंही नाव घेते, दुसरं माझ्या हातात काय आहे? आणि तेव्हापासून मी कानात काही घालत नाही.

साडेअकरा वाजले. ताईनं पायात चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली. दार हळूच ओढून घेतलं.

मी कठड्यावरून वाकून बघत राहिले. ती जिना उतरत होती, एकेक पायरी, कठड्याला धरून. तिचे ओठ हलत होते.

"म्हाताऱ्यानं तपकिरी कोट घातलाय, आजी. कोपरावर फाटलेला…"